जुना नंबर

पडदे शिवायच्या त्या कारखान्यात तिला सगळे चुणीबाई म्हणत. कारखाना हा शब्द मालकाच्या पाटीवर होता म्हणून वापरायचा. एरवी ते लाकडी सामानाच्या गोदामावरचे एक लांबट दालन होते. एका टोकाला कटिंग मास्तरांचे टेबल, मधे शिलाईची चार मशिने, खिडकीशी इस्त्री आणि पायाखाली जिकडेतिकडे चिंध्या. पडद्याला चुण्या घालायच्या तर बाकीच्या बाया टेप लावत, खडूने खुणा करत. ही बाई नुसत्या अंगठ्याने कापड सारत जाई, आणि पडदा टांगला की प्रत्येक चुणी शेजारच्या चुणीच्या मापाची निघे. मास्तरांनी हे एकदा पाहिले आणि नाव ठेवून मोकळे झाले. कौतुक करायचे झाले तरी ते चिडवल्याच्या सुरात करायचे, अशी त्यांची रीत होती.

पडद्यांकडे येण्याआधी ती एका लाँड्रीत रफूचे काम करी. निखारा पडून जळालेला कोट तिच्या हाताखालून गेला, की भोक कुठे होते ते कोटाच्या मालकालाही सापडत नसे. पुढे लोक कपडे रफू करायचे सोडून फेकून द्यायला लागले आणि ती पडद्यांकडे वळली. तिला त्याचे वाईट वाटत नसे. पडदा मोठा असतो, नजर दूरवर टाकावी लागते, डोळे टिकतात, असे ती सांगे.

घरी नवरा आणि एकुलता एक मुलगा. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. दिवसभर त्या अंधाऱ्या उभ्या खोबणीत एकट्याने राहून माणसाची बोलायची सवय जाते, असे ती लोकांना समजावत असे. खरे तर तो लग्नाच्या आधीपासूनच तसा होता. आणि खाण तशी माती. मुलगा पहिला शब्द उशिरा बोलला आणि पुढचे जपून वापरू लागला. त्या दोन खोल्यांत बोलायचे सगळे काम हिच्या एकटीच्या अंगावर होते, आणि ती ते मनापासून करी.

मुलगा जीवशास्त्र शिकायला विद्यापीठात गेला, तो दुसऱ्या शहरात. जाताना नवा फोन, नवा नंबर. त्याचा जुना फोन जुन्या नंबरासकट हिच्याकडे आला, कारण हिचा बटणांचा फोन तेव्हाच निवर्तला होता. रोज संध्याकाळी त्या फोनवर मायलेकांचे बोलणे होई.

"जेवलास का?"

"हो."

"बरा आहेस ना?"

"हो."

"अभ्यास?"

"चाललाय."

"काही हवंय का?"

"नाही. ठेवतो."

फोन ठेवला की नवरा मान वर करून बघे. ती म्हणे, "बरा आहे." मग त्याची मान खाली जाई. एवढ्याशा बातमीवर दोघांना दुसऱ्या संध्याकाळपर्यंत काढावे लागे.

मुलगा जाऊन थोडेच दिवस झाले असतील. दुपारच्या सुट्टीत तिने डबा उघडला आणि जुना फोन थरथरला. कसलेसे हिरवे वर्तुळ होते, त्यात आकडा. तिला असे न बघितलेले आकडे सोसवत नसत. तिने बोट लावले. आतून मुलाचा आवाज आला. हो-नाहीचा नव्हे. भरभरून, न थांबता, मधेच स्वतःच्या बोलण्यावर हसणारा.

"पेशीच्या भोवती जे आवरण असतं ना, त्याला भिंत समजू नका. ते जाळीच्या पडद्यासारखं आहे. खिडकीला जाळीचा पडदा लावला की उजेड आत येतो, वारा आत येतो, माशी मात्र बाहेर राहते. पण हा पडदा नुसता लोंबकळत नाही, हा ठरवतो. कोणाला घ्यायचं, कोणाला नाही..."

तिने फोन उलटा करून पाहिला. फोन तोच होता. मग तिने पुन्हा पहिल्यापासून लावला. त्या दिवशी डबा तसाच राहिला.

प्रकार काय होता तो तिने हळूहळू उलगडला. वर्गात शिकवलेले अर्धे डोक्यावरून जाते, म्हणून त्या वर्गातल्या काही मुलामुलींनी फोनवर एक ग्रुप काढला होता. नाव ठेवले होते 'आपलं आपण'. दर आठवड्याला विषय वाटून घ्यायचे. ज्याने त्याने शोधाशोध करायची, व्हिडिओ बघायचे, दुवे टाकायचे, सगळ्यांना लिहिता येईल अशा एका सामायिक पानावर टिपणे लिहायची, भांडायची, खोडायची. आणि मग ज्याची पाळी असेल त्याने ते सगळे आपल्या शब्दांत, आपल्या आवाजात सांगायचे. वाचून दाखवलेले चालणार नाही. आणि एक कडक नियम होता: ऐकणाऱ्याने एक तरी प्रश्न विचारायचा, आणि ज्याला विचारला त्याने उत्तर द्यायचेच. प्रश्न विचारल्याशिवाय ऐकलेले धरणार नाही. हा नियम राबवायला एक मुलगी होती, तिला सगळे हवालदार म्हणत, आणि ती नावाला जागत असे.

मुलगा प्रवेशाच्या धांदलीत जुन्या नंबरावरून ग्रुपात शिरला होता. नवा नंबर आल्यावर त्यावरूनही शिरला. जुना तसाच राहिला. आता तो जुना नंबर पडद्याच्या कारखान्यात, चिंध्यांच्या ढिगाशेजारी बसून जीवशास्त्र ऐकत होता.

आपण करतो ते बरोबर आहे की नाही, हा प्रश्न तिला पडला नाही असे नाही. पण तो पडायच्या आधी तिने चार-पाच भाषणे ऐकून टाकली होती, आणि मग उशीर झाला होता. ग्रुपच्या यादीत तिला तिचा नंबर दिसे तो सगळ्यात तळाशी, एका करड्या गोलाशेजारी. चेहरा नाही, नाव नाही. तिच्या हिशेबी ती सगळ्यांनाच तशी दिसत असणार. कोपऱ्यात पडलेल्या रिकाम्या खुर्चीकडे कोण बघतो?

एकदा मात्र हवालदाराने बघितले. "हा खालचा नंबर कोणाचा आहे? सगळं ऐकतो, विचारत काही नाही. नियम सगळ्यांना सारखा." चुणीबाईने मशीन थांबवले. आता काढणार, आणि पोराचा आवाज परत हो-नाहीवर येणार. थोड्या वेळाने मुलाने उत्तर लिहिले: "माझाच जुना आहे. राहू दे."

तिचा जीव भांड्यात पडला. पोराला पत्ताच नाही. लहानपणापासून विसराळू, डबा घ्यायला विसरायचा, तो रोज याच नंबराला फोन करत असला तरी ग्रुपातला नंबर हाच आहे, हे कुठे लक्षात ठेवणार. देव विसराळू माणसांच्या आयांना सांभाळतो, असे काहीतरी मनात म्हणून तिने पुन्हा मशीन चालू केले.

मास्तरांना कळायला वेळ लागला नाही. टेबल समोरच होते.

"बाई, कानात काय असतं तुमच्या सारखं? गाणी?"

"मुलगा असतो."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. तिने वायर काढली आणि आवाज मोठा केला. मुलगा सांगत होता, की प्रत्येक पेशीत एक धागा असतो, माणसाच्या उंचीहून लांब, आणि तो इतक्या बारीक जागेत मावतो कसा, तर बॉबिनवर गुंडाळून. एक बॉबिन नव्हे, हजारो. "आणि गुंता होत नाही," मुलगा म्हणाला, "कारण गुंडाळणाऱ्याचा हात चांगला आहे."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "बॉबिन सैल भरली की संपलं सगळं." मग थोड्या वेळाने, "पण हे चोरून ऐकणं झालं, बाई."

"माझाच मुलगा, माझाच फोन. चोरी कसली त्यात?"

"आपलेच दात, आपलेच ओठ," मास्तर पुटपुटले आणि त्यांनी टेबल दोन हात अलीकडे ओढून घेतले. उजेडासाठी, असे त्यांनी सांगितले. तेव्हापासून दुपारी जेवताना दोघांचे जीवशास्त्र चाले. दहातले दोन शब्द कळत. पण कळत ते पक्के कळत, आणि मास्तर घरी जाऊन आपल्या बायकोला पेशीच्या गोष्टी सांगतात, हे पुढे त्यांच्या बायकोकडूनच बाहेर पडले.

ग्रुपात मुलाला सगळे उदाहरण म्हणत. "ए उदाहरण, हे जरा सांग ना." कारण कितीही अवघड विषय द्या, हा कुठूनतरी घरगुती उदाहरण शोधून आणी. अस्तर, दुमड, टीप, धावदोरा. मशीनखाली वाढलेले पोर आहे, दुसरे काय आठवणार त्याला, असे तिला वाटे. लहानपणी तो तिच्या पायाशी, मशीनच्या पायडलजवळ बसून रिकाम्या रिळांची गाडी करायचा. ते दिवस त्याच्या डोक्यात कुठेतरी शाबूत आहेत याचेच तिला अप्रूप होते.

घरी तिने काही सांगितले नव्हते. एका संध्याकाळी फोन येऊन गेला. हो, हो, चाललाय, नाही, ठेवतो. नवरा हात पुसत उभा होता.

"आज तिकडे बोलला का?" त्याने विचारले.

"कुठे तिकडे?"

"दुपारी. तुझ्या त्याच्यावर."

ती बघतच राहिली. तिला वाटत होते झाकली मूठ आहे. आणि हा मूठ उघडून, आतले बघून, पुन्हा मिटून बसला होता. मास्तर आणि हा एकाच बसने येतात हे ती विसरली होती.

"ऐकव," तो म्हणाला. मग दोघांनी जमिनीवर बसून ऐकले. दुसऱ्या दिवशी येताना त्याने फोन उभा ठेवायला पत्र्याचे एक छोटे स्टँड करून आणले.

असे सुरळीत चालले असताना चाचणी परीक्षा आली.

मुलाने त्याआधी दोन पाळ्या घेतल्या होत्या. एकीत त्याने पेशीतला तो लांब धागा खरे तर दुहेरी असतो, हे सांगितले. "जॅकेटच्या चेनसारखा. दोन बाजू, मधे दात एकमेकांत अडकलेले. पेशीला नक्कल काढायची असली की चेन उघडते आणि प्रत्येक बाजूला नवी जोडीदार बाजू तयार होते." उदाहरण सगळ्यांना इतके आवडले, की सामायिक पानावर कोणीतरी चेनचे चित्रही काढले. दुसऱ्या पाळीत त्याने तो धागा मधे कुठे खराब झाला तर पेशी काय करते, ते सांगितले. "रफू करते," तो म्हणाला. "खराब भाग कापून काढते आणि तिथे नवा भरते. नीट केलेलं रफू ओळखू येत नाही." चुणीबाईने हे मास्तरांना तीनदा ऐकवले होते.

चाचणीत प्रश्न आला तो दुहेरी धाग्याच्या दिशेचा. चेनच्या दोन्ही बाजू खालून वर, एकाच दिशेने जातात. ग्रुपातल्या जवळजवळ सगळ्यांनी धाग्याबद्दल तेच लिहिले. पण धाग्याचे तसे नसते. त्याची एक बाजू वर जाते आणि दुसरी खाली येते. दोघी एकमेकींच्या उलट. सरांनी सगळ्यांचे गुण कापले, आणि वर्गात विचारले म्हणे, की ही चेन कुठल्या पुस्तकात आहे?

त्या दुपारी फोन थरथरला तेव्हा तिने हौसेने बोट लावले. आवाज नव्हता, नुसते लिहिलेले होते. ग्रुपातला एक हुशार मुलगा होता, सगळे त्याला टॉपर म्हणत. त्याने लिहिले होते, "शिंपीकाम वेगळं आणि जीवशास्त्र वेगळं. आधी स्वतः नीट शिका, मग दुसऱ्यांना शिकवा." त्याखाली दोघांनी हसरे चेहरे टाकले होते. आणि त्याखाली तिच्या मुलाचे: "चूक माझी. माफ करा सगळ्यांनी."

तिने ते मास्तरांना वाचून दाखवले नाही. नुसता फोन पुढे केला. मास्तरांनी चष्मा लावून वाचले, फोन परत दिला आणि कापड कापायला लागले. त्या दिवशी त्यांनी एक पडदा आखूड कापला, जे त्यांच्या हातून कधी होत नसे.

तिला काय वाटत होते ते सांगायला ती कोणाकडे जाणार होती? शिंपीकाम. तो शब्द तिचा होता. तिच्या मशीनखालून उचलून पोराने तो शहाण्या लोकांत नेला आणि तिथे त्याचे हसे झाले. आपण दुसरे काही काम करत असतो, तर पोराला दुसरे उदाहरण सुचले असते, इथवर तिचे मन गेले. आणि काही बोलायची सोय नाही. संध्याकाळी फोन आला.

"जेवलास का?"

"हो."

"बरा आहेस ना?"

"हो."

सगळे ठाऊक असून तिला विचारता येत नव्हते, की त्या टॉपरचे मनावर घेतलेस का रे. तोंड बांधून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

त्यानंतर मुलगा ग्रुपात बोलायचा बंद झाला. इतरांच्या पाळ्या झाल्या. एक मुलगी इतकी भरभर बोलली, की मास्तर म्हणाले, हिच्या मशीनची टीप फार लांब आहे. मग मुलाची पाळी आली आणि तशीच गेली. हवालदाराने विचारले, "उदाहरण कुठे आहे?" उत्तर नाही. आणखी दोनदा विचारले. उत्तर नाही. आणि मग एका संध्याकाळी त्याने आईऐवजी वडिलांना फोन द्यायला सांगितला. नवऱ्याने फोन कानाला धरला, ऐकला, म्हणाला, "बघू." आणि ठेवला.

"काय म्हणतो?"

"परत येतो म्हणतो. माझ्याबरोबर लिफ्टच्या कामाला लागतो म्हणतो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"बघू म्हटलं."

"नको म्हणायचं होतंत."

"का नको, ते काय सांगू? मला तर काही माहीत नाही," तो म्हणाला. खरे होते. मुलाच्या लेखी त्यांना दोघांनाही काही माहीत नव्हते. माहीत असायची सोयच नव्हती.

रात्रभर विचार करून माणूस शहाणा होतो असे म्हणतात. ती झोपली आणि सकाळी होती तितकीच राहिली. पण दुपारी मास्तरच म्हणाले, "त्यांचा नियम काय आहे, बाई? ज्याला प्रश्न विचारला त्याने उत्तर द्यायचं. बरोबर?"

"बरोबर."

"मग विचारा की. त्याला कोणी प्रश्नच विचारत नाहीये. सगळे विचारताहेत तू कुठे आहेस, तू कुठे आहेस. तो काय प्रश्न आहे?"

"मी विचारला तर कळेल ना मी कोण ते. आई चोरून ऐकते म्हटल्यावर पोराची आणखी शोभा."

"ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार?"

तिने पडद्याला अस्तर लावायला घेतले. तिला विचारायला प्रश्न नव्हता असे नव्हते. रफूचे ऐकले त्या दिवसापासून तो तिच्या मनात अडकून होता, आणि तो कोणाला विचारण्यासारखा आहे असे तिला कधी वाटलेच नव्हते. विचारावा, तर पुन्हा तेच शिंपीकाम. टॉपरच्या हातात आयते कोलीत. न विचारावा, तर पोरगा सामान बांधून येईल, लिफ्टच्या खोबणीत उतरेल आणि दोघे बापलेक मुकाट्याने एकमेकांना पाने-पक्कड देत राहतील. चांगले काम आहे ते. नवऱ्याने त्यावरच घर चालवले होते. पण त्या आवाजात जो मुलगा हसत होता, तो तिथे हसणार नव्हता.

अस्तर अर्धे झाल्यावर तिने मशीन थांबवले. एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत तिने लिहिले:

"रफू करताना दोरा बाजारचा घेत नाहीत. त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून काढतात, तरच रंग आणि पोत जुळतो. मग पेशी रफू करते तेव्हा तिला कसं कळतं तिथे नेमकं काय होतं?"

पाठवायच्या आधी मास्तरांना वाचून दाखवले. मास्तर म्हणाले, "लाख रुपयांचा प्रश्न आहे." तिने डोळे मिटून बाण दाबला.

पहिल्यांदा हवालदाराचेच आले. "वा. जुना नंबर बोलला शेवटी. प्रश्न उदाहरणच्या विषयावर आहे, उत्तर उदाहरणने द्यायचं. नियम म्हणजे नियम." त्याखाली कोणीतरी लिहिले, की अरे पण हा नंबर उदाहरणचाच ना, मग विचारतोय कोण? चुणीबाईने फोन पालथा घातला. हात कामाला लावावेत म्हणून तिने एका पडद्याची टीप उसवायला घेतली, ती चांगली होती हे तिच्या नंतर लक्षात आले.

कारखाना सुटेपर्यंत काही आले नाही. घरी येऊन तिने नवऱ्याला सगळे सांगितले. तो ऐकत होता, आणि मधेच त्याने पत्र्याचे स्टँड पुढे सरकवून त्यावर फोन ठेवला. दोघे समोर बसले. खिडकीत अजून उजेड होता.

फोन थरथरला. ग्रुपातच होते. आवाज होता.

"प्रश्न आलाय म्हणून बोलतोय," मुलगा म्हणाला. "पेशीला कसं कळतं? धागा दुहेरी असतो म्हणून कळतं. एका बाजूचा तुकडा खराब झाला, तर समोरची बाजू शाबूत असते. तिच्याकडे बघून पेशी नवा तुकडा भरते. म्हणजे दोरा बाहेरचा असला तरी नमुना त्याच कापडातला असतो. मी मागे सांगितलं तेव्हा हे सांगायचंच राहिलं होतं, आणि कोणी विचारलंही नव्हतं. आता विचारलंय.

"आणि समोरची बाजू उलट्या दिशेने जाते. चेनसारखी नाही जात. ती चूक माझी होती. इथे सगळ्यांसमोर माफी मागितली, पण का चुकलो ते सांगितलं नव्हतं, ते सांगतो. पुस्तकात धाग्यासाठी गोल जिन्याचं चित्र आहे. त्या जिन्यात दिशा बरोबर दाखवल्या आहेत. मी तो जिना सोडला आणि चेन घेतली. कारण जो जिना पुस्तकात आहे, तसा आमच्या घराजवळ कुठे नाही. आणि मला जिला कळायला हवं होतं, ती पुस्तक बघत नव्हती. ती नुसतं ऐकत होती."

चुणीबाईने नवऱ्याकडे पाहिले. तो फोनकडे बघत होता.

"तुमच्या फोनवर तो जुना नंबर म्हणून दिसतो," मुलगा म्हणाला. "माझ्या फोनवर तिथे आई लिहिलेलं आहे. आधीपासून. आवाज पाठवला, की कोणी कोणी ऐकला ते पाठवणाऱ्याला दिसतं. माझ्या यादीत आईचं नाव सगळ्यात आधी यायचं. दुपारच्या सुट्टीत. मग मी पाळी सकाळी संपवायला लागलो, म्हणजे जेवताना तिला मिळेल. घरी फोनवर मला जमत नाही. इथे जमतं." मागे कुठेतरी दार वाजल्याचा आवाज झाला. "आपला नियम आहे, की प्रश्न विचारल्याशिवाय ऐकलेलं धरत नाही. आई, तुझं मी धरत होतो."

आवाज संपला. स्टँडवरचा फोन थोडा वेळ उजळलेला राहिला आणि मग त्यावर एकामागून एक ओळी यायला लागल्या. भरभर बोलणाऱ्या मुलीने नुसतेच "काकू" असे लिहिले होते. टॉपरने लिहिले होते, "काकू, शिंपीकामाबद्दल बोललो ते मागे घेतो. रफूचा प्रश्न मला सुचला नव्हता." आणि शेवटी हवालदार: "आता नंबर लपून राहिला नाही, तेव्हा काकूंनाही पाळी लागू. पुढच्या आठवड्याचा विषय, रफू कसं करतात. वाचून दाखवलेलं चालणार नाही."

हे सगळे चुणीबाईने नंतर वाचले. त्या क्षणी तिला काही वाचता येत नव्हते. जाळीचा पडदा, बॉबिन, अस्तर, दुमड, चेन. तिला वाटत होते पोराला आपले लहानपण आठवते. त्याला आठवत होती ती. पुस्तकातली सगळी उदाहरणे बाजूला सारून तो एकेक वस्तू तिच्या मशीनवरून उचलत होता, तिला कळेल अशी, आणि वर्गातल्या सगळ्यांना तीच देत होता. त्यात एकदा चुकला. ते चुकणेही तिच्यासाठी होते. ती रडली, आणि तिने ते लपवले नाही.

नेहमीच्या वेळेला फोन वाजला.

"जेवलास का?"

"अजून नाही."

"बरा आहेस ना?"

"हो." मग आपणहून, "मी येत नाहीये. बाबांना सांग."

"सांगते."

"ठेवतो."

"ठेव," ती म्हणाली.

नवऱ्याने मान वर करून पाहिले. ती म्हणाली, "येत नाही म्हणतो." त्याने मान हलवली, उठला, खिडकीतला जाळीचा पडदा सारखा केला आणि परत येऊन तिच्या शेजारी बसला. फोन अजून स्टँडवरच होता. त्याने तो तिच्या बाजूला वळवला.

"पहिल्यापासून लाव," तो म्हणाला.